तालमीची मेहनत घरी: चाळिशीतल्या माणसाने चालणे, बैठका आणि जोर कसे सुरू करावेत

कोल्हापुरात व्यायामाचा विषय निघाला की बोलणे तालमीवर येतेच. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही तालमींची नावे कुस्ती न पाहणाऱ्या घरांतही ठाऊक असतात आणि राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान हा आजही प्रत्येक कोल्हापूरकराच्या अभिमानाचा विषय आहे. मात्र या परंपरेतून सामान्य घरांत काय उतरले याचा विचार केला, तर खुराक उतरला आणि मेहनत तालमीतच राहिली, असे खेदाने म्हणावे लागते. दूध, तूप, मटण आणि रस्सा यांच्या बाबतीत आपण पैलवानांचा वारसा सांगतो. पण ज्या मेहनतीमुळे तो खुराक अंगी लागत असे, तिच्याशी आपला संबंध शाळा सुटल्याबरोबर संपतो.

हा लेख पस्तिशी ते साठीच्या दरम्यानच्या अशा स्त्री-पुरुषांसाठी आहे, ज्यांचा दिवस दुकानाच्या गल्ल्यावर, कार्यालयातील खुर्चीवर किंवा घरकामात जातो आणि ज्यांनी बरीच वर्षे नियमित व्यायाम केलेला नाही. कुस्ती शिकणे हा येथे हेतू नाही. तालमीतील मेहनतीच्या पद्धतीतून जे घेण्याजोगे आहे ते घेऊन, महागडी साधने न विकत घेता, साधारण तीन-चार महिन्यांत शरीर कामाचे कसे करावे, एवढाच विषय आहे.

तालमीकडून काय घ्यावे

नवा मुलगा तालमीत आला की चांगला वस्ताद त्याला पहिल्या दिवशी हौद्यात, म्हणजे मातीच्या आखाड्यात, लढायला उतरवत नाही. त्याच्या हाती फावडे दिले जाते आणि आखाड्याची लाल माती खणून भुसभुशीत करण्याचे काम त्याच्याकडे येते. हे काम दिसायला हमालीचे असले, तरी त्यात कंबर, मांड्या, खांदे आणि मनगटांची पकड एकाच वेळी कामाला लागतात. त्यानंतर थोड्या बैठका, थोडे जोर. मुलाच्या अंगात रग असते, त्याला आणखी काढायच्या असतात, पण वस्ताद त्याच्या मांड्यांची थरथर पाहतो आणि म्हणतो, “बास आज. उद्या ये.” या दोन वाक्यांत व्यायामशास्त्राचा मोठा भाग आला आहे. स्नायू ताण सोसतात, विश्रांतीत दुरुस्त होतात आणि पुढच्या वेळी किंचित जास्त ताण सोसण्यास तयार होतात. हृदय आणि फुप्फुसे याच नियमाने काही आठवड्यांत सुधारतात. सांधे, कंडरा आणि अस्थिबंध मात्र त्याहून सावकाश बळकट होतात. म्हणूनच पहिल्या महिन्यात उत्साह वाढलेला असतो तेव्हाच गुडघा किंवा खांदा दुखावण्याचा धोका सर्वाधिक असतो.

तालमीतून जे घेऊ नये तेही सांगितले पाहिजे. पैलवानांच्या बैठकांचे आणि जोरांचे मोठमोठे आकडे ऐकून तेवढे गाठण्याचा प्रयत्न करणे सामान्य माणसाने पूर्णपणे टाळावे. तसेच पैलवान म्हणजे सुटलेले पोट आणि अवाढव्य देह, ही समजूतही सोडून द्यावी. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले ते ५७ किलोपर्यंतच्या बँटमवेट गटात. ताकद, चपळाई आणि दम यांचा देहाच्या आकाराशी आपण समजतो तेवढा संबंध नसतो.

सुरुवात करण्यापूर्वी

चाळिशी ओलांडलेल्या किंवा मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही असलेल्या व्यक्तीने आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटून रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. बसल्या जागी रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर तो आटोक्यात आल्यावरच बैठका आणि जोर सुरू करावेत. तोपर्यंत सावकाश चालणे चालेल की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे. हर्निया, डोळ्याच्या पडद्याचा आजार, काचबिंदू किंवा मानेच्या मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी डोके खाली आणि कंबर वर अशी स्थिती येणारे जोर परवानगीशिवाय करू नयेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी मेहनत करू नये आणि खिशात साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा ठेवावा. हात थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत.

यानंतर एक साधी वही घ्यावी आणि पहिल्याच पानावर चार गोष्टी लिहाव्यात. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच मोजलेली मिनिटभराची नाडी. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यानंतर, टेप न आवळता मोजलेला पोटाचा घेर. आपल्याकडील पुरुषांमध्ये तो ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत असणे इष्ट मानले जाते. हाताचा आधार न घेता, छातीवर हात बांधून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येते तो आकडा. आणि चौथी गोष्ट म्हणजे एक जिना न थांबता चढल्यावर पूर्ण वाक्य बोलता येते की धाप लागते. वजन लिहायचे तर लिहावे, परंतु पहिल्या दोन-तीन महिन्यांत काट्यावर फारसा फरक दिसत नाही आणि केवळ त्या एका आकड्याकडे पाहून अनेक जण व्यायाम सोडून देतात. पोटाचा घेर आणि खुर्चीवरून उठण्याचा आकडा त्याआधी बदलतात, म्हणून भरवसा त्यांच्यावर ठेवावा.

पहिले तीन आठवडे: फक्त चालणे

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवला आहे. यातील पहिल्या भागासाठी चालण्यासारखा सोपा मार्ग नाही, आणि कोल्हापूरकरांच्या वाट्याला रंकाळ्याचा काठ, राजाराम तलावाचा परिसर आणि शिवाजी विद्यापीठाचे झाडीतले रस्ते आले आहेत.

पहिल्या आठवड्यात रोज दहा ते पंधरा मिनिटे, दुसऱ्यात वीस आणि तिसऱ्यात तीस मिनिटे, आठवड्यातून किमान पाच दिवस चालावे. वेग किती असावा हे ठरवण्यासाठी घड्याळाची गरज नाही. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत श्वास वाढला म्हणजे श्रम मध्यम झाले. गप्पांच्या ओघात पाय मंदावतात आणि शेवटी बाकावर किंवा चहाच्या टपरीवर बैठक जमते. रंकाळ्यावर हे दृश्य रोजचे आहे. सोबत हवीच, कारण सोबतीमुळेच माणूस पहाटे घराबाहेर पडतो, परंतु बसणे ठरलेली वेळ पूर्ण झाल्यावरच व्हावे. पायात टाचेला घट्ट धरणारे बूट असावेत. कोल्हापुरी चप्पल ही आपली शान असली तरी तिचा सपाट, कडक तळ वेगाने चालण्यासाठी योग्य नाही, आणि टाचदुखी असलेल्यांना तर तो हमखास त्रास देतो.

जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत चालण्याचा नेम मोडतो. अशा वेळी इमारतीचा जिना उपयोगी पडतो: सावकाश चढणे, कठडा धरून उतरणे, असे आधी पाच आणि मग दहा मिनिटे करावे. शेवाळलेल्या घाटावर, ओल्या फरशीवर किंवा पंचगंगेला पाणी चढलेले असताना नदीकाठी व्यायामाला जाऊ नये.

बैठका

चौथ्या आठवड्यापासून, चालणे तसेच सुरू ठेवून, एक दिवसाआड बैठका सुरू कराव्यात. तालमीतील बैठक वेगळी आणि घरातील पहिली बैठक वेगळी. तालमीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, शरीराचा तोल चवड्यांवर येतो, हात मागे जाऊन वर येताना पुढे झेपावतात आणि या लयीमुळे मोठी संख्या शक्य होते. मात्र चवड्यांवर तोल गेला की गुडघ्याच्या वाटीवरील भार वाढतो, आणि ज्याच्या मांड्या अजून तयार नाहीत त्याने हा प्रकार पहिल्या तीन महिन्यांत करू नये.

भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घ्यावी. तिच्याकडे पाठ करून, पाय खांद्यांएवढ्या अंतरावर आणि चवडे किंचित बाहेर वळवून उभे राहावे. हात समोर सरळ धरावेत. खुर्चीवर बसताना माणूस जसा आधी कंबर मागे नेतो तसे कंबर मागे न्यावे, मग गुडघे वाकवावेत, आणि नितंबांचा खुर्चीला जेमतेम स्पर्श झाला की भार न टाकता टाचांवर जोर देऊन उठावे. खाली जाताना श्वास आत, उठताना बाहेर. गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकतात का, हे आरशात किंवा घरच्या कुणाला तरी पाहायला सांगून तपासावे. हा दोष अतिशय सर्रास आढळतो आणि गुडघेदुखीच्या बऱ्याच तक्रारी येथूनच सुरू होतात. गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवले की सुधारणा होते.

आरंभी आठ बैठकांच्या दोन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती, म्हणजे एकूण सोळा. दर आठवड्याला एकूण संख्येत चार-पाचची भर घालावी आणि प्रत्येक चौथ्या आठवड्यात काहीही वाढवू नये. या हिशेबाने तीन महिन्यांनी संख्या पन्नासच्या आसपास पोहोचते. दरम्यान खुर्चीऐवजी बुटका स्टूल आणि नंतर आधाराविना, टाचा जमिनीला टेकलेल्या अवस्थेत जितके खाली जाता येईल तितके, अशी खोली वाढवावी. मात्र ज्या आठवड्यात खोली वाढवली त्या आठवड्यात संख्या वाढवू नये. ज्यांच्या गुडघ्यांची झीज आधीच झाली आहे त्यांनी उंच खुर्चीवरच थांबावे आणि तरीही नेम चालू ठेवावा, कारण मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाल्याने गुडघ्याला आराम मिळतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखणे, जिना उतरताना कण्हणे, हे स्वाभाविक आहे आणि तीन-चार दिवसांत ते ओसरते. परंतु एक धोका येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली तरुण मुले किंवा पैज लावणारे मित्र पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका मारतात. अशा अतिरेकाने स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. मांड्या दगडासारख्या कडक होऊन सुजल्या, असह्य दुखू लागल्या आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, तर मालिश करत घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जोर

बैठका अंगवळणी पडल्यावर, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यापासून, जोर घ्यावेत. पूर्ण जोर असा असतो: हात खांद्यांखाली, पाय थोडे फाकवलेले, कंबर वर उचललेली, तेथून कोपरे वाकवत आधी कपाळ आणि मग छाती दोन हातांच्या मधून जमिनीलगत पुढे सरकते, कंबर खाली येते, कोपरे सरळ होत छाती वर उठते, नजर समोर जाते आणि शेवटी कंबर पुन्हा मागे वर नेली जाते. छाती, खांदे, दंड, पोट आणि पाठ यांना एकाच हालचालीत काम देणारा, साधनांशिवाय होणारा याच्या तोडीचा व्यायाम मला तरी दुसरा आढळलेला नाही. परंतु बरीच वर्षे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्यांना आणि मनगटांना तो एकदम पेलत नाही, म्हणून त्याच्याकडे पायऱ्या-पायऱ्यांनी जावे लागते.

पहिली पायरी भिंत. भिंतीपासून हातभरापेक्षा थोडे जास्त अंतर ठेवून, तळवे छातीच्या उंचीवर टेकवून, डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एका रेषेत ठेवत छाती भिंतीकडे न्यावी आणि परत यावे. दहाच्या दोन फेऱ्यांपासून आरंभ करावा. पंधराच्या दोन फेऱ्या सहज होऊ लागल्या की स्वयंपाकघरातील पक्का ओटा, त्यानंतर जिन्याची तिसरी-चौथी पायरी आणि मग जमीन, अशी हाताची जागा खाली आणावी. प्रत्येक जागी किमान दोन आठवडे काढावेत. जमिनीवर आल्यावर पहिले काही दिवस गुडघे टेकवूनच करावे आणि मग पूर्ण जोर तीन ते पाचच काढावेत. त्या वेळी कंबर लोंबकळली किंवा मान खाली लटकली, तर संख्या तेथेच थांबवावी. वाकडेतिकडे पंधरा जोर काढण्यापेक्षा नीट पाच जोरांनी शरीर लवकर घडते. मनगट दुखत असेल तर दोन स्थिर लाकडी ठोकळ्यांवर हात टेकून जोर काढण्याची तालमीतील पद्धत वापरावी. कंबरदुखी असणाऱ्यांनी शेवटी छाती उंचावण्याचा भाग गाळून सरळ रेषेतील साधा दंडच करावा.

भारतीय व्यायामात सूर्यनमस्काराचे स्थान मोठे आहे आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा प्रसार आपल्या भागात मोठ्या निष्ठेने केला. ज्यांना जोर एकसुरी वाटतात त्यांनी चालण्याच्या दिवशी सावकाश गतीने चार ते सहा सूर्यनमस्कार घालावेत. ते अंग मोकळे करतात, श्वासाला लय देतात आणि जोरातील निम्म्या हालचालींचा सरावही त्यातूनच होतो. करेल्याची जोडी (दोन हातांत धरून फिरवायचे जड लाकडी दांडके), मुद्गल किंवा गदा फिरवणे हे मात्र खांद्यांवर मोठा भार टाकणारे प्रकार आहेत आणि ते पुस्तक किंवा चित्रफीत पाहून शिकू नयेत. जवळच्या तालमीत जाणत्या माणसाच्या नजरेखाली, हलक्या जोडीपासून शिकावेत.

स्त्रियांसाठी वेगळे असे थोडेच

“घरातले एवढे काम करते, मग आणखी व्यायाम कशाला?” हे वाक्य कोल्हापुरातच नव्हे, सगळीकडे ऐकू येते. घरकामात थकवा पुष्कळ येतो, परंतु सलग अर्धा तास श्वास वाढत नाही आणि खांदे-पाठीची ताकदही फारशी वाढत नाही. उलट वाकून वाकून पाठ दुखावते. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता झपाट्याने घटत असल्याने बैठका आणि भिंतीवरील जोर यांची गरज स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिकच आहे. वरील क्रम त्यांच्यासाठी जसाच्या तसा लागू पडतो. बाळंतपणानंतर मात्र डॉक्टरांनी तपासून संमती देईपर्यंत थांबावे, आणि बैठक मारताना किंवा शिंकताना लघवी निसटत असेल तर संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या साध्या व्यायामाने ती तक्रार बहुतेकदा कमी होते.

साठीपुढच्यांनी यात एक भर घालावी. भिंतीला हात लावून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, मग दुसऱ्या पायावर, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हा तोलाचा सराव करावा. पडून खुब्याचे हाड मोडणे हे त्या वयातील फार मोठे संकट आहे.

खुराकाविषयी

पैलवानाची थंडाई, तूप आणि मटण हे दिवसाचे अनेक तास घाम गाळणाऱ्याचे अन्न आहे. एक मोठा चमचा तूप म्हणजे सुमारे १३० किलोकॅलरी, आणि साठ-पासष्ट किलो वजनाच्या माणसाला तेवढी ऊर्जा खर्च करण्यासाठी अडीच-तीन किलोमीटर चालावे लागते. हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला की दोन वाट्या तांबड्या रश्श्यावर तरंगणाऱ्या तर्रीचे काय करायचे ते आपोआप कळते. मटण खाऊ नये, असे मी सांगणार नाही. रविवारी खावे, पण फोडी घ्याव्यात आणि तर्री बाजूला सारावी. मिसळीत मटकी वाढवून घ्यावी, फरसाण आणि कट कमी करावा. पावाची दुसरी जोडी बहुतेकदा भुकेपेक्षा सवयीने मागवली जाते.

प्रथिनांची गरज प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास आहे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम आणि पाव लिटर दुधात आठ ग्रॅम प्रथिने असतात. उरलेली मटकी, हरभरा, डाळी, शेंगदाणे आणि दही यांतून सहज मिळतात. डब्यातील महाग पावडरीची या टप्प्यावर काहीही आवश्यकता नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले धारोष्ण दूध पिण्याची हौस कोल्हापूरकरांना आहे, परंतु कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार पसरू शकतात, म्हणून ते घरी आणून उकळूनच प्यावे. उसाच्या या मुलखात गूळ निरुपद्रवी मानला जातो. मधुमेहींनी मात्र तो साखरच समजावा. स्वयंपाकातले, लोणचे, पापड, फरसाण यांतले आणि वरून घातलेले असे सगळे मिळून दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत राहिले पाहिजे, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा.

झोप सात तासांहून कमी होत असेल, तर पहाटे पाचला उठून मेहनत करण्याचा हट्ट सोडावा आणि संध्याकाळची वेळ निवडावी. पैलवान दुपारी झोपतात, त्यांच्या अंगाला तेल लागते, तेव्हा कुठे ती मेहनत अंगी मुरते. आपल्याला दुपारची झोप परवडत नाही, म्हणून रात्रीची पुरती घ्यावी लागते.

कधी थांबावे आणि पुन्हा कसे सुरू करावे

छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणे, अचानक थंड घाम सुटणे, भोवळ येणे, थांबल्यावरही धडधड न शमणे, यांपैकी काहीही झाले तर तेथेच बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. “गॅस झाला असेल” म्हणून घरी चालत जाऊ नये. सांध्याच्या बाबतीत नियम सोपा आहे: स्नायूचे बोथट दुखणे चालेल, पण सांध्यातली टोचणारी, सुजेसह येणारी किंवा दुसऱ्या दिवशी वाढणारी वेदना चालणार नाही. ती गेल्याशिवाय त्या सांध्यावर भार देऊ नये.

खंड प्रत्येकाच्या नेमात पडतो. लग्नसराई येते, गणपती येतात, घरात आजारपण येते. आठवडाभराचा खंड असेल तर मागील संख्येपासूनच पुढे जावे. दोन आठवड्यांहून अधिक खंड पडला असेल तर बैठका-जोरांची संख्या निम्मी करून दोन आठवड्यांत मूळ पातळीवर यावे. ताप येऊन गेला असेल तर ताप उतरल्यानंतर आणखी दोन-तीन दिवस थांबून आधी फक्त चालावे. डेंग्यू, न्यूमोनिया किंवा कावीळ यांसारखा मोठा आजार झाला असेल तर डॉक्टरांना विचारून पहिल्या आठवड्याच्या दहा मिनिटांपासून पुन्हा आरंभ करावा, आणि वहीत नव्या पानावर त्या दिवशीची नाडी, पोटाचा घेर आणि खुर्चीवरून उठण्याचा आकडा लिहून पुढे मोजत जावे.